रविवारची टेस्ट, अभिषेकाचं तेल आणि पहिली आज्ञा: मूर्तिपूजा नक्की कशाला म्हणायची?

उदगीरची_लातुरात

जय ख्रिस्त. प्रश्न लहान आहे, पण आधी घरची थोडी हकिकत सांगते. नाहीतर उत्तरं "ताई, प्रार्थना करा" एवढ्यावरच थांबतील, आणि ती मी करतेच आहे.

आम्ही उदगीरकडचे, घर मेथडिस्ट. थोरला मुलगा बारावीला आहे, नीटची तयारी करायलाय. त्याच्यासाठी मी लातूरला ट्यूशन एरियात दोन खोल्या घेऊन राहते. मिस्टर नोकरीमुळं उदगीरला, सासूबाई आणि धाकटी मुलगी त्यांच्याजवळ. धाकटीला यंदा फीच्या ओढाताणीमुळं सेमी इंग्रजीतून काढून घराजवळच्या साध्या शाळेत घातलंय. ती हुशार आहे, कुठंही शिकेल. थोडं शेत होतं ते बटईनं दिलं.

बाहेरच्यांना लातूर म्हटलं की १९९३ चा भूकंप आठवतो, नाहीतर २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी. इथल्या माणसाला विचारा, तो 'लातूर पॅटर्न' म्हणेल. आमच्या गल्लीत घराघरानं वर मजला चढवलाय आणि दारावर 'फक्त मुलांसाठी' नाहीतर 'फक्त मुलींसाठी' अशी पाटी लावलीय. खानावळ, अभ्यासिका, झेरॉक्स, पुन्हा खानावळ. चौकात गेल्या वर्षीच्या पोरांचे मोठमोठे फोटो आणि खाली मार्क. मी कॉमर्सची बाई, पण १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबरला चार, चुकीला वजा एक, आणि त्यातले निम्मे मार्क एकट्या बायोलॉजीचे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

अडचण रविवारची. क्लासची टेस्ट दर रविवारी साडेनऊ ते साडेबारा. उपासना दहाला. दिवाळीपासून मुलगा मंडळीत, म्हणजे चर्चला, गेलेला नाही. मी जाते, पण दानार्पणाचं गीत सुरू झालं की माझं लक्ष घड्याळाकडं, कारण साडेबाराला तो उपाशी बाहेर येतो. रात्री रँकची यादी पालकांच्या ग्रुपवर पडते, सगळ्यांची नावं वरून खाली. ती येईपर्यंत जेवणाचा घास उतरत नाही. रँक वर गेली की त्या रात्री घरात रेडिओ लागतो, खाली आली की भांडीसुद्धा हळू ठेवायची.

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या दिरांनी घरच्या ग्रुपवर यिर्मया ३२:३५ टाकलं, मोलख या दैवताला पोटची लेकरं आगीत वाहणाऱ्यांबद्दलचं वचन, आणि खाली लिहिलं, "आजकाल लोक लेकरं मोलखाला वाहायलेत, आणि वर त्याला करिअर म्हणायलेत." नाव घेतलं नाही, पण ग्रुपमध्ये बारावीचं लेकरू एकच आहे. नणंदेनं अंगठा टाकला. आता भावजींचं सांगायचं तर ते मंडळीच्या कमिटीवर आहेत. निवडणुकीच्या वेळी महिनाभर त्यांच्या घरी चहाची भांडी विसळून होत नव्हती आणि समोरच्या पॅनलच्या माणसाशी ते प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या, दिवशीसुद्धा बोलत नाहीत. पण ते जाऊ द्या.

दुसरीकडं मिस्टरांच्या मावशींनी एका प्रार्थना केंद्रातून तेलाची बाटली पाठवलीय. परीक्षेच्या दिवशी पेनाला लावायचं, आणि त्याआधी एकवीसशे रुपयांचं 'बी' पेरायचं म्हणे, मग देव शंभरपट देतो. मावशी फार प्रेमळ आहेत. बाटली कपाटात आहे.

म्हणजे एक जण म्हणतो तू मूर्तिपूजा करतेस, दुसरी म्हणते तुझा विश्वास कमी पडायलाय. मला विचारायचंय ते असं. लेकरावर माया करणं आणि लेकराला देव करून बसणं, हे बाहेरून दिसायला सारखंच असतं. दोन्हीत पहाटे उठून डबा करावाच लागतो. मग ओळखायचं कशावरून? आणि ओळखलं तरी मे महिन्यापर्यंत मी नक्की काय करू? क्लास सोडा असं कुणी सांगणार असेल तर कृपया सांगू नका, वर्षाची बरीचशी फी भरून झालीय.

जालन्याचा_पेन्शनर

ताई, सलाम. तुमच्या दिरांनी दिलेलं वचन खरं आहे, पण ते लावलंय चुकीच्या ठिकाणी. बेन-हिन्नोमच्या खोऱ्यात लोक पोटची पोरं आगीतून नेत होते. तुम्ही पोराला डबा नेऊन देता. एवढा फरक कमिटीवरच्या माणसाला कळायला हवा.

पण म्हणून तुमचा प्रश्न सुटत नाही, आणि तुम्ही तो चांगला विचारलाय. आपण मूर्ती म्हटलं की काहीतरी वाईट, परकं, दुसऱ्याच्या घरातलं डोळ्यांसमोर आणतो. शास्त्रात मात्र मला सगळ्यात भीती वाटते ती चांगल्या वस्तूंची. मोशेनं पितळी सर्प केला तो देवानं सांगितलं म्हणून, आणि त्याच्याकडं पाहून साप चावलेली माणसं जगली (गणना २१). पुढं कित्येक पिढ्यांनी लोक त्याच सर्पापुढं धूप जाळत होते, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडला (२ राजे १८:४). गिदोनाचंही तसंच. राजा व्हायला नको म्हणाला, किती चांगलं बोलला, आणि लगेच लुटीतल्या सोन्याचा एफोद (याजकाचं पवित्र वस्त्र) करून आपल्या गावी ओफ्रात ठेवला. सगळं इस्राएल त्याच्या नादी लागलं (शास्ते ८:२७). वाईट हेतू कुठंच नव्हता.

मार्टिन ल्यूथरनं १५२९ साली पहिली आज्ञा, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत ही, समजावून सांगताना जे लिहिलं त्याचा आशय असा, की तुझं मन ज्यावर टेकलंय आणि संकटात तू ज्याच्याकडं धावतोस तोच तुझा देव. मी त्यात माझ्या अनुभवाची भर घालतो. मराठवाड्यातल्या एका मंडळीत, नाव घेत नाही, मी बरीच वर्षं सेक्रेटरी होतो. वार्षिक सभेत कंपाउंडची भिंत, दुकानांच्या गाळ्यांचं भाडं आणि कोर्टाची तारीख यांवर दुपार निघून जायची. शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग) बंद पडून दोन वर्षं झाली होती, तो विषय कुणी काढला तर "तो पुढच्या सभेत घेऊ." रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या मुलखात, आमच्या जालन्याजवळ बेथेल वसवलं ते कुठं जाण्यासारखं घर न उरलेल्या माणसांसाठी. त्या जमिनीचा उपयोग काय, हे तेव्हा कुणाला विचारावं लागत नव्हतं.

तेव्हा नीटची टेस्ट ही मूर्ती आहे असं मी म्हणणार नाही. रविवारच्या रात्री येणाऱ्या त्या यादीबद्दल मात्र विचार करा.

वैजापूरकर_मिस्सावाला

मूर्तिपूजेचा विषय निघाला की दोन-तीन उत्तरांत गाडी आमच्या मरियामातेच्या पुतळ्यावर येते. म्हणून आधीच हजर राहतोय.

आमच्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २११३ क्रमांकाचा परिच्छेद आहे. देवाच्या जागी निर्माण केलेल्या कशालाही मान दिला की ती मूर्तिपूजा, असं सांगून त्यात उदाहरणं दिलीत: सत्ता, सुख, वंश, पूर्वज, राज्य, पैसा. पुतळ्यापुढं मेणबत्ती लावणाऱ्या बाईवर सगळ्यांचा डोळा असतो, पण 'वंश' आणि 'पूर्वज' हे दोन शब्द आले की आपण सगळे, कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, सॅल्व्हेशन आर्मी, खाली मान घालून चप्पल शोधायला लागतो. आमच्या भागात लग्नाच्या बायोडाट्यात 'धर्म: ख्रिस्ती' लिहितात, मग फोनवर हळूच विचारतात, "तसे मूळचे कोणते हो?" म्हणजे जात. बाप्तिस्मा होऊन तीन-चार पिढ्या झाल्या, एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेतो, आणि सोयरीक मात्र त्या जुन्या वहीतून. मुलगी तिशीच्या पुढं गेली तरी चालेल, पण त्या वहीतलं पान बदलायचं नाही. तिथं लेकराचा बळी जातो की नाही ते तुमच्या दिरांना विचारा.

ताईंच्या रविवारबद्दल एक साधी गोष्ट. आमच्याकडं शनिवारी संध्याकाळची मिस्सा (उपासना) रविवारचीच धरतात. तुमच्या पाळकसाहेबांना असं काही करायला कुठला नियम आडवा येतो का, विचारून पाहा.

सेवक_नांदेड

प्रेज द लॉर्ड. इथं सगळे फार शिकलेले दिसतात. पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांवर नेऊन ठेवत आणि ते बरे होत (प्रेषितांची कृत्ये १९:१२). याकोबाच्या पत्रातही तेल आहे, ५:१४. मग त्या मावशींच्या तेलाची थट्टा कशाला? ज्यांनी कधी कुणाच्या डोक्यावर हात ठेवून रात्रभर प्रार्थना केली नाही, ते बाटलीकडं बोट दाखवतात. माझ्या सेवेत मी तेल वापरतो. गरीब माणसाला काहीतरी हातात लागतं, धीर येतो. तुमच्याकडं क्लासची दीड लाखाची फी आहे, त्याच्याकडं तेल आहे. बहिणी, विश्वास ठेव. ते लेकरू डॉक्टर होणारच, येशूच्या नावानं बोलतो.

जालन्याचा_पेन्शनर

सेवकभाऊ, थट्टा कुणीच केलेली नाही. आणि फीबद्दल तुम्ही बोललात ते मला पटलं. विश्वास फीवर असो की बाटलीवर, मामला तोच.

पण याकोब ५:१४ पुन्हा काढून बघा. आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवायचं, त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची, प्रभूच्या नावानं तेल लावायचं. म्हणजे माणसं घरी येतात, त्यांना नाव असतं, उद्या ती रस्त्यात भेटतात. कुरिअरनं आलेल्या बाटलीमागं कोण वडील आहे? आणि एकवीसशे रुपये कुठल्या अध्यायात आहेत? शिमोन जादूगार देवाचं दान विकत घ्यायला पैसे घेऊन पेत्राकडं गेला तेव्हा पेत्रानं काय उत्तर दिलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचलं असेल, प्रेषित ८:२०. "लेकरू डॉक्टर होणारच" हे तुम्ही प्रभूच्या नावानं बोललात. नाही झालं तर ते लेकरू कुणाकडं तोंड करून उभं राहील? तुम्ही नांदेडात असाल.

करार-कोशाची, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीची, गोष्टही अशीच. पलिष्ट्यांकडून मार खाल्ल्यावर लोकांनी शिलोहून कोश रणात आणला, एवढा जयजयकार केला की भूमी दणाणली, आणि हरले. कोशही गेला (१ शमुवेल ४). कोश खरा होता, त्यात खोटं काहीच नव्हतं. लोकांना देव नको होता, जिंकण्याची खात्री हवी होती.

औसेकर

मी सोयाबीनवाला माणूस, वाचन कमी. मधेच लिहितो.

भूकंप झाला तेव्हा मी विशीत होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून गाढ झोपलेले. दगडामातीच्या जाड भिंती माणसांवर बसल्या. आम्ही पोरं ट्रॅक्टरनं किल्लारीच्या बाजूला गेलो आणि हातानं दगड उपसले. तिथं आमच्यातलाच एक शहाणा बाहेरगावाहून मदत घेऊन आला होता. ब्लँकेटं वाटता वाटता म्हणाला, बघा, मूर्ती पुजल्या, बुडवल्या, आणि त्याच रात्री. माझ्या शेजारी एक बाप लेकीला ढिगातून काढून बसला होता. त्याला ऐकू गेलं.

लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, आणि येशूनं विचारलं, ती काय इतरांपेक्षा जास्त अपराधी होती? मला ते वचन तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. पण त्या दिवसापासून 'आमच्यात मूर्ती नाही' असं छाती फुगवून सांगणारा माणूस दिसला की मी चहाला उठतो. ताई, तुमच्या दिरांच्या मेसेजचं लई मनावर घेऊ नका. आमच्या गल्लीत गणपती बसतो तेव्हा मंडपाला वीज माझ्या घरातून जाते आणि नाताळाला तेच लोक माझ्या दारात चांदणी लावायला शिडी धरतात.

बाकी नीटचं मला कळत नाही. पोराला शेत दाखवत जा अधूनमधून.

इंटर्न_अंबाजोगाई

मी इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजला इंटर्नशिप करते आहे. लातूरलाच शिकले, एक वर्ष ड्रॉप घेतला होता. म्हणून ताईंना थोडं सविस्तर लिहिते.

आधी तेलाचं, कारण ते सोपं आहे. नीटला पेन घरून नेता येत नाही, बॉलपेन परीक्षा केंद्रावरच देतात. फ्रिस्किंग होतं, बाटली तर गेटच्या बाहेरच राहील. मावशींना एवढं सांगितलं तरी पुरे, धर्मशास्त्रापर्यंत जायची वेळ येणार नाही. एकवीसशेचं मात्र स्पष्ट नाही म्हणा.

दुसरं, खुद्द नीटच रविवारी असते. २०२४ ला ५ मे, २०२५ ला ४ मे, दोन्ही रविवार. त्यामुळं 'रविवारी परीक्षा दिली म्हणजे देव सोडला' असं धरलं तर देशातला एकही सश्रद्ध ख्रिस्ती डॉक्टर होणार नाही. शब्बाथ माणसासाठी आहे (मार्क २:२७). एका रविवारचा तो प्रश्नच नाही. आठवड्याच्या आठवडे कुणी विचारलंच नाही की तो कुठं आहे, हा आहे. विचारलं का कुणी? मी लातूरला होते तेव्हा पाळकसाहेब दोनदा होस्टेलवर आले, दोन्ही वेळा मंडळीच्या शताब्दीची वर्गणी घ्यायला.

आता जे मला खरं लिहायचंय ते. रँकच्या या देवाचं पोट भरत नाही. आम्हाला सांगितलं होतं बारावीपर्यंत सोस, मग सुटलीस. एमबीबीएसला आले तर पहिल्या आठवड्यात सीनियर विचारतात, पीजीचं काय ठरवलंस? आता इथं वॉर्डात रात्री दोनला पेशंटची आई हात धरून बसलेली असते आणि माझ्या बॅचचे निम्मे लोक कोपऱ्यात मोबाइलवर पीजीचे एमसीक्यू सोडवत असतात. मीही सोडवते. बाहेरून कुणी पाहिलं तर म्हणेल किती अभ्यासू पोरं. ती बाई कुणाकडं बघते ते कुणी पाहत नाही.

तर ओळखायचं कशावरून? माझी एकच खूण आहे. घरात कुठल्या गोष्टीपुढं 'का?' विचारायची सोय उरत नाही ते बघा, आणि तिच्यासाठी कुणाच्या वाटचं काढून घेतलं जातं ते बघा. माझ्यासाठी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एक वर्ष पुढं गेलं. मला कुणी सांगितलंही नाही, फी भरली गेली एवढंच कळलं. ताई, राग मानू नका, तुम्ही एवढं लांब लिहिलंत, त्यात मुलाचे मार्क आहेत, रँक आहे, डबा आहे. मुलीबद्दल दोन वाक्यं आहेत. "ती हुशार आहे, कुठंही शिकेल." ती कशी आहे?

आणि मुलाला विचारलंत का, त्याला काय वाटतं?

उदगीरची_लातुरात

सगळ्यांना उत्तर देते, जरा वेळ लागला.

इंटर्न ताई, तुमचं वाचून पहिल्यांदा रागच आला. पाच जणांचा खर्च, दोन घरं आणि एक पगार, यात कुठलीही आई हेच करेल, हे मी आजही म्हणते. पण रात्री मुलीला फोन लावला आणि मुद्दाम दादाचा विषय काढला नाही. ती आधी गप्पच, तिला वाटलं काहीतरी झालंय. मग म्हणाली, शाळा बदलल्याचं तिला विशेष काही नाही, तिच्या मैत्रिणी तिथंच आहेत आणि दुपारी घरी जेवायला येता येतं. राग दुसऱ्याच गोष्टीचा. "तू रोज फोन करून मला दादाची रँक सांगतेस. माझी पण सहामाही झाली." किती पडले विचारलं तर "आता नाही सांगणार" म्हणून फोन आजीकडं दिला. आजीनं सांगितलं, ही मंडळीत पेटी वाजवायला शिकलीय, नाताळच्या कॅरोलला हिनंच साथ दिली. मी तेव्हा इथं होते, मुलाची टेस्ट सिरीज चालू होती.

मुलाला विचारलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, आई मला मंडळीत जायचंय. तो म्हणाला, "मला रविवारी झोपायचंय." ना टेस्ट ना उपासना. मग हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. म्हटलं बरं, झोपेचं आपण बघू, पण बाकी दोन्हींपैकी काय सोडवतं तुला? तर म्हणाला, टेस्ट सोडता येत नाही असं नाही, पण यादीत नाव खाली गेलं की सर वर्गात वाचतात आणि तू त्या दिवशी बोलत नाहीस. त्याचं वाक्य आहे तसं लिहिलंय.

वैजापूरकर भाऊ, तुमची सूचना पाळकसाहेबांकडं नेली. इथल्या मंडळीत परगावची पोरं बरीच आहेत हे त्यांना ठाऊक होतं, नावं ठाऊक नव्हती. शनिवारी साडेसातला, क्लास सुटल्यावर, आमच्याच खोलीत बसायचं ठरलंय. एक वचन, एक गीत, जेवण. उपदेश नको, असं मीच सांगितलं, पोरं दिवसभर लेक्चर ऐकून येतात. पहिल्या शनिवारी आमच्या खोलीत पाच पोरं आली, त्यांतलं एक शेजारच्या रूमवरचं, ख्रिस्ती नाही, जेवायला म्हणून आलं आणि गीताला टाळ्या वाजवून गेलं.

आणि महिन्यातला पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, तो टेस्ट देणार नाही. पेपर दुपारी घरी वेळ लावून सोडवेल. क्लासला तसं लेखी दिलं. तिथले सर म्हणाले, मॅडम, सिरीज तुटते, यादीत 'गैरहजर' पडेल. म्हटलं पडू द्या. पडलंच. रात्री ग्रुपवर दोन पालकांनी विचारलं, मुलाची तब्येत बरी आहे ना? एका बाईंनी वेगळा फोन करून डेंगूची टेस्ट करून घ्या सांगितलं.

जालन्याचा_पेन्शनर

हे चांगलं केलंत. मनातल्या मनात 'देव पहिला' म्हणून काही होत नाही, काहीतरी प्रत्यक्ष काढून घ्यावं लागतं. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडली तेव्हा लोकांना तो वेडेपणा वाटला असेल. पगार वाईट नव्हता. पण तो असताना ज्या तऱ्हेनं त्यांना चालायचं होतं तसं चालता येत नव्हतं. तुमचं महिन्यातून एक 'गैरहजर' त्या मानानं लहान आहे. पण मे महिना जवळ आला की तेही काढून घ्यावंसं वाटेल, तेव्हा सांभाळा.

सेवक_नांदेड

बहिणी, तेलाचं काय केलंस ते लिहिलं नाहीस.

उदगीरची_लातुरात

मावशींना पेनाचा नियम सांगितला. त्यांना तो माहीतच नव्हता, "मग केंद्रवाल्यांच्या पेनाला कोण लावणार" म्हणून काळजीत पडल्या. एकवीसशे पाठवणार नाही असंही सांगितलं, त्यावर थोड्या रुसल्यात. बाटली उदगीरला गेले तेव्हा घेऊन गेले. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना वचन वाचून, प्रार्थना करून मुलीनं आणि मी लावलं. वास खोबरेलाचाच आहे. आराम पडला का विचारलं तर म्हणाल्या, चोळल्यानं पडतोच. भाऊ, याकोब ५ मध्ये आजाऱ्याला लावा असं लिहिलंय, ते तरी पाळलं.

भावजींना काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात कमिटीची मीटिंग शब्बाथ शाळेच्या वेळेला ठेवलीय, तेवढं मात्र घरच्या ग्रुपवर विचारलं, की पेटी शिकवायचा वर्ग त्या दिवशी कुठं भरवायचा? अजून उत्तर नाही. मीटिंगची वेळ बदललीय असं मुलीकडून कळलं.

रँकच्या यादीचं विचारत होतात. पालकांचा ग्रुप म्यूट केलाय, सोडलेला नाही. सोडला तर फीच्या पुढच्या हप्त्याची तारीख कुठं कळणार? यादी आता मुलगा स्वतः सांगतो, सोमवारी, त्याला वाटलं तर. या सोमवारी त्याला वाटलं नाही. मंगळवारी दुपारपर्यंत मी धरलं, मग विचारलंच.